सामना झाला, संघ गेले

14 ऑक्टोबर 2014 रोजी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर दिल्ली डायनॅमोज आणि एफसी पुणे सिटी हे दोन नवेकोरे संघ इंडियन सुपर लीगमधला आपापला पहिला सामना खेळले. त्या हंगामात दिल्लीने करारबद्ध केला होता अलेस्सान्द्रो देल पिएरो, तर पुण्याने डेव्हिड त्रेझेगे. युव्हेंटसमधले हे जुने जोडीदार 2006च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात समोरासमोर होते. त्रेझेगेची पेनल्टी आडव्या दांड्यावर आदळली, देल पिएरोची जाळ्यात गेली. दिल्लीतला हा सामना मात्र 0-0 असा सुटला.

आज त्या दोन संघांपैकी एकही उरलेला नाही. दिल्ली डायनॅमोज 2019 साली भुवनेश्वरला गेला आणि ओडिशा एफसी झाला. त्याच वर्षी पुण्याचा संघ बंद पडला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबाद एफसीला मिळाली. हैदराबादने 2022 मध्ये विजेतेपद पटकावलं. पुढे 2025 मध्ये तोही संघ दिल्लीला हलवून त्याचं स्पोर्टिंग क्लब दिल्ली असं नामकरण झालं. म्हणजे पुण्याची जागा हैदराबादमार्गे दिल्लीत आली! या फिरवाफिरवीत प्रेक्षकांच्या संमतीची अट कुठेही नव्हती, आणि मला सगळ्यात जास्त खुपतं ते हेच.

दिल्लीला फुटबॉल परका आहे, असं म्हणणाऱ्यांना या शहराचा इतिहास ठाऊक नाही. सिमल्यात 1888 साली सुरू झालेला ड्युरँड कप 1940 मध्ये दिल्लीत आला आणि त्याच वर्षी कोलकात्याच्या मोहम्मडन स्पोर्टिंगने ब्रिटिश लष्करी संघाला हरवून तो जिंकला. पहिल्या आशियाई खेळांत, 1951 साली, भारताने इराणला 1-0 असं नमवून सुवर्ण मिळवलं तेही दिल्लीतच. कांस्यपदक जपानचं होतं. दिल्ली गेटजवळच्या आंबेडकर स्टेडियमवर गढवाल हिरोज, सिमला यंग्स असे स्थानिक क्लब पिढ्यान्‌पिढ्या खेळत आले. ड्युरँड कपनेही पुढे कोलकात्याची वाट धरली.

त्या कांस्यवाल्या जपानने पुढे काय केलं? तिथेही 1965पासूनची लीग कंपन्यांच्या संघांची होती: मित्सुबिशी, निस्सान, योमिउरी. 1993 मध्ये व्यावसायिक जे-लीग सुरू करताना अध्यक्ष साबुरो कावाबुची यांनी आग्रह धरला की क्लबचं नाव शहराचं असेल, कंपनीचं नाही. 15 मे 1993 रोजी तोक्योत वर्दी कावासाकीविरुद्ध योकोहामा मारिनोस हा पहिला सामना झाला. 59,626 प्रेक्षकांसमोर मारिनोस 2-1 असा जिंकला.

पण नियम केले म्हणजे सगळं सुरक्षित झालं, असंही नाही. तोच वर्दी 2001 साली कावासाकी सोडून तोक्योला गेला. त्याआधी 1998च्या ऑक्टोबरात योकोहामा फ्ल्यूगेल्स हा क्लब त्याच शहरातल्या मारिनोसमध्ये विलीन होणार, अशी घोषणा झाली. पाठीराख्या कंपन्यांपैकी एकीने हात आखडला होता. मरणाची तारीख ठरलेला तो संघ एम्परर्स कपमध्ये एकेक सामना जिंकत गेला आणि 1 जानेवारी 1999 रोजी शिमिझू एस-पल्सला 2-1 हरवून कप जिंकूनच संपला. फुटबॉलच्या इतिहासात याहून मानी निरोप मला आठवत नाही. चाहत्यांनी मारिनोसकडे जायला नकार दिला, पैसा उभा केला आणि योकोहामा एफसी हा स्वतःचा क्लब काढला. खालच्या लीगपासून सुरुवात करून तो 2007 मध्ये वरच्या श्रेणीत पोहोचला.

पुण्याचं दुखणं तर आणखी खोल आहे. पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजियन्स, एफसी पुणे सिटी: चार व्यावसायिक संघ एकामागून एक आले आणि गेले. जपानमध्ये जन्मलेला, जपानी आईचा आणि गुजराती वडिलांचा मुलगा अराता इझुमी पुणे एफसीतून पुढे आला आणि जपानी नागरिकत्व सोडून 2013 मध्ये भारताकडून खेळला. आपल्या खेळासाठी माणूस देश बदलतो, आणि मालकांना शहर सांभाळता येत नाही, हे मला पटत नाही.

दिल्लीला आता पुन्हा क्लब मिळाला आहे. त्याच्या लीगमधल्या परवान्यात एक कलम असायलाच हवं: मालक बदलला तरी शहर बदलणार नाही, आणि गाशा गुंडाळायची वेळ आलीच तर क्लबचं नाव, रंग आणि जागा घेण्याचा पहिला हक्क त्याच्या सभासद-प्रेक्षकांचा राहील.