पोरक्या लेकराला सांभाळणाऱ्या घराचा हक्क

आपल्या वस्त्यांत एक गोष्ट हमखास दिसते. घरातला कर्ता माणूस गेला, मागोमाग आईही गेली, तरी लेकरे उघड्यावर पडत नाहीत. आजी पदराखाली घेते, मामा आपल्या घरी नेतो, काकू स्वतःच्या मुलांच्या पंगतीत त्यांनाही बसवते. दहा बाय बाराच्या खोलीत आणखी एक अंथरूण पडते. कोणी त्याचा गाजावाजा करीत नाही.

पण महिनाअखेरीस पिठाचा डबा रिकामा होतो, जूनमध्ये वह्या-दप्तर घ्यावे लागते, पावसाळ्यात पोर तापाने फणफणते. अशा वेळी नुसती माया पुरत नाही, हातात पैसाही लागतो. तो देण्याची जबाबदारी सरकारचीही आहे आणि त्यासाठी योजना आहेत. अडचण एवढीच, की ज्यांना त्यांची सर्वांत जास्त गरज आहे त्यांच्या कानावर त्या जातच नाहीत.

बालसंगोपन योजना

महाराष्ट्रात महिला व बालविकास विभागाची बालसंगोपन योजना बरीच वर्षे चालू आहे. अनाथ किंवा एकच पालक असलेली मुले, आईवडील विभक्त झालेली, तुरुंगात असलेल्या वा गंभीर आजाराने अंथरुणाला खिळलेल्या पालकांची मुले अशा १८ वर्षांखालील मुलांसाठी ती आहे. मुलाला संस्थेत न ठेवता कुटुंबात वाढवावे, हा तिचा हेतू.

पूर्वी महिन्याला अवघे ४२५ रुपये मिळत. दिवसाला चौदा रुपये! पुढे ही रक्कम ११०० झाली. २०२३ मध्ये ती २२५० करण्यात आली आणि योजनेला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. ते योग्यच झाले. जोतिराव व सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. तेथे आलेल्या काशीबाई या विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला आणि त्याला शिकवून डॉक्टर केले.

केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतून मुलामागे दरमहा ४००० रुपयांची तरतूद आहे. विधवा, घटस्फोटित वा परित्यक्ता आईची मुले आणि नातलगांकडे राहणारी अनाथ मुले यांना ती प्रायोजकत्व म्हणून मिळू शकते. त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ७२,००० व इतरत्र ९६,००० रुपयांपेक्षा जास्त नसावे, अशी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांतील अट आहे. नात्यातले नसलेले मूल रीतसर सांभाळायला घेतले, तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ४४ खाली त्या कुटुंबालाही दरमहा मदत देण्याची सोय आहे. एकाच मुलाला दोन्हीकडून पैसे मिळत नाहीत. कोणती योजना लागू पडेल ते जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारावे.

दत्तक वेगळे, संगोपन वेगळे

पुष्कळ आज्या आणि माम्या या शब्दालाच बिचकतात. ‘सही केली तर पोर सरकारचे होईल काय?’ असे विचारतात. तसे काही नाही. दत्तक घेतलेले मूल कायद्याने त्या घरचे होते. संगोपनात मूल फक्त सांभाळायला असते. त्याचे नाव बदलत नाही, आईबापाच्या घरातला वा जमिनीतला त्याचा वाटाही बुडत नाही. गरिबीपायी मुलाला घरापासून तोडू नये, संस्थेत ठेवणे हा अगदी शेवटचा उपाय असावा, हे तत्त्व कायद्यातच आहे.

अर्ज कसा करावा?

जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याच्या कचेरीत किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षात जावे. अर्जाला फी नाही, तेव्हा दलालाच्या हातावर एक पैसाही ठेवू नये. मुलाचा जन्मदाखला, शाळेचे बोनाफाईड, पालकाचा मृत्यूचा दाखला, सांभाळणाऱ्याचा रहिवासी व उत्पन्नाचा दाखला, आधार कार्ड, रेशनकार्ड आणि बँकेचे पासबुक यांच्या झेरॉक्स सोबत ठेवाव्यात. नंतर घरी चौकशी होते. शेवटचा आदेश बालकल्याण समिती देते आणि पैसे बँक खात्यात जमा होतात.

अनुदान कधी कधी महिनोन्‌महिने रखडते. म्हणून अर्जाची पोच आणि आदेशाची प्रत जपून ठेवावी, मुदत संपण्याआधी नूतनीकरण करावे आणि पैसे थांबले तर तोंडी न विचारता लेखी विचारावे. तातडीची मदत हवी असेल तर १०९८ हा मुलांसाठीचा दूरध्वनी क्रमांक आहे.

घरातली गोष्ट

पैसे येऊ लागले की शेजारी कुजबुजतात, ‘पैशासाठीच पोर ठेवलंय.’ त्यांनी हिशेब करावा. २२५० रुपये म्हणजे दिवसाला ७५. त्यात दोन वेळचे जेवण, कपडे, औषध, शाळा काय काय भागेल? बाकीचे ते घर आपल्या पोटाला चिमटा काढूनच भरते. तेव्हा हे अनुदान घेण्यात लाजण्यासारखे काही नाही.

मात्र एक पथ्य पाळावे. ‘तुझे पैसे अजून आले नाहीत’ असे मुलाच्या तोंडावर कधी बोलू नये. आधीच आईबाप गमावलेल्या लेकराला आपण ओझे झालो असे वाटले, तर तो घाव लवकर भरत नाही. पैसे त्याच्यासाठी आहेत, ते त्याच्याच शाळेवर, खाण्यावर आणि औषधावर जावेत. मूल दहा-बारा वर्षांचे झाले की हिशेबाची वही त्याच्यापुढे उघडी ठेवावी. आपल्याला कोणी लुबाडत नाही, एवढा विश्वास त्याला वाटला की घरातली अर्धी भांडणे मिटतात.

आजी थकलेली असते, तिला कचेरीच्या पायऱ्या चढवत नाहीत. वस्तीतल्या शिकलेल्या मुलामुलींनी आणि महिला मंडळांनी रविवारची एक सकाळ या कामाला द्यावी. आपल्या गल्लीत अशी किती लेकरे आहेत ते मोजावे, अर्ज भरून द्यावेत, सोमवारी एकाने सोबत जावे. तुमच्या दोन तासांनी एखाद्या पोरीची शाळा सुटायची वाचेल.