‘पानिपत’मधला समशेर

विश्वास पाटील यांची ‘पानिपत’ कादंबरी १९८८ साली आली. आपल्या घरांतही ती आवडीने वाचली जाते. वाचून झाली की मुलं इब्राहिमखान गारद्याबद्दल बोलतात. त्याच्या तोफा, त्याच्या गारदी पलटणी, शेवटपर्यंत न सोडलेली साथ. माणूस मोठाच होता. आम्ही मात्र अडून राहतो ते समशेर बहादूरपाशी. भाऊसाहेब, शिंदे, होळकर यांच्या गर्दीत तो सहज नजरेतून निसटतो.

हा थोरले बाजीराव आणि मस्तानी यांचा मुलगा, जन्म १७३४चा. मुलाची मुंज करावी अशी बाजीरावांची इच्छा होती, भटभिक्षुकांनी ती होऊ दिली नाही, असं सांगतात. समशेर मुसलमान म्हणूनच वाढला. १७४०मध्ये आईवडील दोघंही काही काळाच्या अंतराने गेले. पोर जेमतेम सहा वर्षांचं. पुढे त्याला पेशव्यांच्याच घराने वाढवलं. नानासाहेब त्याचे सावत्र भाऊ, सदाशिवरावभाऊ चुलतभाऊ, आणि विश्वासराव पुतण्या.

इब्राहिमखान पगारी सेनानी होता, खाल्ल्या मिठाला जागला. म्हणून भाषणांत त्याचं नाव दाखल्यासारखं निघतं : बघा, मुसलमानही निष्ठावान असतो! बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, तरी मागच्या रांगेत बसलेल्या आमच्या विद्यार्थ्यांची मान खाली जाते. निष्ठा सिद्ध करावी लागते ती परक्याला. समशेरकडून असा दाखला कुणी मागावा? भाऊ मोहिमेवर निघाले, त्यांच्यासोबत घरातलाच एक भाऊ निघाला, एवढीच ती गोष्ट. कादंबरीत त्याच्या वाट्याला फार पानं नाहीत, याचंही म्हणूनच आम्हाला वाईट वाटत नाही. घरच्या माणसाची ओळख कोण करून देतं?

१४ जानेवारी १७६१च्या लढाईत तो जबर जखमी झाला. सूरजमल जाटाच्या मुलखापर्यंत कसाबसा पोहोचला, तिथे उपचार झाले, पण वाचला नाही. वय सत्तावीसच्या आसपास. त्याची कबर भरतपुरात आहे. आईची इथे, आपल्या पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या पाबळला. मायलेकांच्या मजारींमध्ये अर्धा हिंदुस्थान.

त्याचा मुलगा अलीबहादूर पुढे बुंदेलखंडात गेला. बांद्याचे नवाब ते याच वंशातले. १८५७च्या उठावात बांद्याचे नवाब इंग्रजांविरुद्ध उभे राहिले.

मुलांना शनिवारवाड्यात न्याल तेव्हा नुसता दिल्ली दरवाजा पाहून परतू नका. मस्तानी दरवाजाही दाखवा. त्याचं दुसरं नाव अलीबहादूर दरवाजा.