किल्ली हरवलेली जीप

दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन लष्कराच्या सुरुवातीच्या जीपला किल्ली होती, पण ती नावापुरतीच. हजारो गाड्यांना एकाच नंबरची किल्ली चालायची: एच-७००. ज्याच्या खिशात ती, त्याच्या हातात कोणतीही जीप. शिवाय गोळीबार चालू असताना किल्ली शोधत बसणार कोण? १९४२ मध्ये तो सोपस्कारही संपला. किल्लीच्या जागी एक साधा खटका आला. तो फिरवायचा, पायाने सेल्फचं बटण दाबायचं आणि निघायचं.

युद्ध संपल्यावर जीप शेतात, जंगलखात्यात आणि सरकारी दौऱ्यांवर रुजू झाली. १९४०च्या दशकाच्या अखेरीस महिंद्राने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. मालक आला म्हणजे कुलूपही आलं. मात्र छप्पर ताडपत्रीचं आणि दारं असली तर असली, अशा गाडीत डॅशबोर्डावरचं ते कुलूप चोरापेक्षा मालकालाच जास्त अडवतं. त्याची एकुलती एक किल्ली बांधावर, धरणाच्या कडेला किंवा गडाच्या पायथ्याशी पडली की गाडी जागची हलत नाही.

अशा वेळी डॅशबोर्ड उचकटायच्या आधी कुलूप आणि स्विच वेगळे ओळखावेत. दर्शनी भागात असतो तो कुलपाचा गोल तुकडा. त्यात स्प्रिंगवर बसलेल्या पातळ पितळी पत्त्या असतात. योग्य किल्लीचे दाते त्या नेमक्या उंचीवर आणतात, तेव्हाच तो तुकडा फिरतो. वर्षानुवर्षांच्या वापराने पत्त्या इतक्या झिजतात की काही जुन्या जीप भलत्याच किल्लीने, क्वचित स्क्रू-ड्रायव्हरनेही चालू होतात. मालकाला ही सोय वाटते, पण कुलूप संपलं आहे याचीच ती खूण. कुलूप धड असेल तर त्याच्या तोंडावर किंवा अंगावर नंबर कोरला आहे का, ते पाहावं. नंबर वाचता आला तर जाणता चावीवाला त्यावरून किल्ली पाडून देऊ शकतो. मग स्विच बदलायची गरजच उरत नाही.

कुलपामागे असतो तो खरा स्विच, म्हणजे चार तारांचा चौक. एका तारेने बॅटरीची वीज आत येते. दुसरी इग्निशनची, पेट्रोल गाडीत ती कॉइलकडे जाते. तिसरी सेल्फची आणि चौथी वायपर, हॉर्न यांसारख्या किरकोळ गोष्टींची. नव्या स्विचच्या पाठीवर बहुधा बी, आयजी, एसटी आणि एसीसी अशी अक्षरं असतात; युरोपीय पद्धतीच्या स्विचवर त्याच क्रमाने पहिल्या तिघांसाठी ३०, १५ आणि ५० हे आकडे.

जुना स्विच समोरच्या रिंगेने किंवा मागच्या नटाने डॅशबोर्डावर आवळलेला असतो. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडली, नट काढला की तो मागून हातात येतो. हे पाच-दहा मिनिटांचं काम. वेळ खातात त्या तारा. तीस-चाळीस वर्षांत दहा हातांनी जोड दिलेल्या वायरिंगमध्ये रंगावर विश्वास ठेवणं धोक्याचं. लाल तार हॉर्नची निघू शकते. म्हणून तार सुटण्याआधीच तिच्यावर चिकटपट्टीची चिठ्ठी लावावी आणि मोबाइलवर फोटो काढावा. मग नवा स्विच मीटरने तपासावा: किल्ली ऑफवर असताना बी आणि आयजी जोडलेले नकोत, ऑनवर हवेत, आणि एसटी फक्त सेल्फ मारतानाच जोडला जावा. हात सोडल्यावर किल्ली आपसूक ऑनवर परतली नाही, तर तो स्विच दुकानदाराला परत करावा. सेल्फ अडकून राहिला तर मोटर जळते.

पेट्रोल जीपमध्ये इंजिन बंद असताना किल्ली ऑनवर विसरणंही महागात पडतं. प्लॅटिनम पॉइंट मिटलेले असले तर कॉइलमधून वीज वाहत राहते. कॉइल तापते आणि बॅटरी उतरते. जुन्या डिझेल महिंद्राची तऱ्हा उलटी. तिथे इंजिन एकदा फिरू लागलं की त्याला विजेची गरज नसते, त्यामुळे किल्ली काढली तरी ते धडधडतच राहतं. ते थांबवायला स्टॉपची दांडी ओढावी लागते. हे ठाऊक नसलेला माणूस नवा स्विच बसवून किल्ली ऑफ करतो, इंजिन थांबत नाही, आणि तो बिचाऱ्या स्विचलाच दोष देतो.

मारुती जिप्सीत काम अवघड होतं. तिथे कुलूप स्टीअरिंगच्या दांड्यावर असतं आणि किल्ली काढली की स्टीअरिंगही जखडतं. ते कुलूप धरणाऱ्या बोल्टांची डोकी कारखान्यात आवळतानाच मुद्दाम तोडलेली असतात, म्हणजे पाना लागायला जागाच उरत नाही. छिन्नीच्या हलक्या ठोक्यांनी बोल्ट उलटा फिरवायचा, नाहीतर ड्रिल मारून काढायचा. हे काम सवयीच्या हातावरच सोपवावं. नवं कुलूप साध्या बोल्टांवर बसवून भागवणारेही असतात. चोराची मात्र त्यात सोय होते.

सुटे भाग पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला शोधता येतात. सोबत जुना स्विच न्यावा, कारण जीपचा स्विच एवढंच सांगितलं तर दुकानदार चार वेगवेगळे काढून ठेवतो. किल्ली पाडून घ्यायची असेल तर आरसी बुकही जवळ असू द्यावं. प्रामाणिक चावीवाला ते मागतोच. किल्ली हरवल्याची पोलिसांत नोंद करून तिची प्रत आणि नव्या स्विचची पावती जपून ठेवावी. पुढे गाडी चोरीला गेली, तर विमा कंपनी दाव्याच्या वेळी बहुधा सगळ्या किल्ल्या मागते.