रग्बीची दोन घराणी : लेखांक पाचवा

खाणींत आणि गिरण्यांत राबणाऱ्या खेळाडूंचा बुडालेला रोज भरून मिळावा एवढ्या माफक मागणीपायी उत्तर इंग्लंडच्या क्लबांना २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथे मूळ संघटनेशी, म्हणजे युनियनशी, फारकत कशी घ्यावी लागली, आणि १९०६ साली प्रत्येक बाजूचे दोन गडी कमी करून तेरा जणांचा वेगवान खेळ, म्हणजे लीग, कसा सिद्ध झाला, हे आपण मागील लेखांकात पाहिले. आज विचार करावयाचा तो असा की, ज्या खेळाने कष्टकरी माणसाला मानाने मैदानावर उभे केले, त्याचा आंतरराष्ट्रीय पसारा युनियनच्या मानाने इतका तोकडा का राहिला. या प्रश्नाचे उत्तर खेळाच्या गुणावगुणांत शोधणारे पुष्कळ आहेत. माझ्या मते ते, खेळ कोणाच्या हातून देशोदेशी गेला, यात सापडते.

युनियन गेली ती राज्यकर्त्या वर्गाच्या पाठोपाठ. खानदानी विद्यालये, विद्यापीठे, लष्करी छावण्या आणि मुलकी अंमलदारांचे जिमखाने यांच्या आश्रयाने ती साम्राज्यभर पसरली. मुंबईच्या जिमखान्यावर रुजली तीही युनियनच. कलकत्त्याचा फुटबॉल क्लब मोडीत निघाला तेव्हा त्याच्या शिलकीतील चांदीचे रुपये वितळवून चषक घडविण्यात आला आणि १८७८ साली तो इंग्लंडच्या संघटनेस नजर करण्यात आला; इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही त्याच कलकत्ता चषकासाठी झुंजतात. लीगच्या वाट्याला असा एकही राजमार्ग आला नाही. तिचा प्रसार मजूर आणि कारागीर यांच्या हातून झाला, आणि त्यातही जो एकदा लीग खेळला त्याला युनियनचे दार जन्मभर बंद, असा कडक दंडक असल्यामुळे सुशिक्षित घरातला तरुण तिच्या वाटेला सहसा जात नसे.

फ्रान्सची हकीकत तर मन विषण्ण करणारी आहे. तेथे १९३४ साली जाँ गालिया याच्या पुढाकाराने लीग सुरू झाली आणि थोड्याच वर्षांत ती इतकी फोफावली की युनियनच्या धुरीणांना धास्ती पडली. परंतु देश जर्मनीपुढे शरण गेल्यावर अधिकारावर आलेल्या व्हिशी सरकारने डिसेंबर १९४१ मध्ये फर्मान काढून लीगच्या संघटनेवर बंदी घातली आणि तिची मिळकत जप्त केली. महायुद्ध संपले, बंदी उठली, पण जप्त झालेली मालमत्ता परत मिळाली नाही, आणि स्वतःस रग्बी म्हणवून घेण्याचा हक्कही पुढे कित्येक दशके नाकारला गेला. अशा लुबाडल्या गेलेल्या संघटनेने, पॉल बारिएर यांच्या कल्पनेनुसार, १९५४ साली विश्वचषक भरवून दाखविला! त्यात संघ चारच होते, आणि पॅरिसच्या अंतिम सामन्यात ग्रेट ब्रिटनने यजमानांस १६–१२ असे हरविले, हे खरे. तथापि युनियनचा पहिला विश्वचषक त्यानंतर ३३ वर्षांनी, १९८७ साली झाला, याचे स्मरण फार थोड्यांना असते.

मग आघाडी गमावली कोठे? २६ ऑगस्ट १९९५ रोजी, म्हणजे फुटीला शतक पुरे होण्यास तीन दिवस उरले असताना, युनियनने हौशीपणाचा दंडक रद्द केला आणि ज्या कारणास्तव घर दुभंगले ते कारणच नाहीसे झाले. त्या घडीला युनियनजवळ राष्ट्रीय संघांची जुनी परंपरा आणि त्यांच्यावर उत्पन्न मिळवून देणारी सामन्यांची घडी तयार होती. लीगचे सारे वैभव मात्र क्लबांत होते. ऑस्ट्रेलियात तर क्वीन्सलंड आणि न्यू साउथ वेल्स या दोन प्रांतांचा १९८० पासून चालत आलेला सामना राष्ट्रीय संघाच्या सामन्याहून मोठा मानला जातो. परिणाम असा की, आंतरराष्ट्रीय वेळापत्रक हे क्लबांच्या हंगामातून उरलेल्या आठवड्यांवर गुजराण करते. २०२१ च्या विश्वचषकातून ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी ऐन वेळी अंग काढून घेतल्याने तो वर्षभर लांबला. २०२५ चे यजमानपद फ्रान्सने २०२३ सालीच सोडले. आणि इंग्लंड-ऑस्ट्रेलिया ही जुनी मालिका २००३ नंतर थेट २०२५ साली खेळली गेली. आजवरच्या १६ विश्वचषकांपैकी १२ एकट्या ऑस्ट्रेलियाने जिंकले आहेत. ज्या स्पर्धेचा निकाल बहुधा आधीच ठाऊक असतो, तिच्याकडे परका प्रेक्षक कशाच्या ओढीने वळावा?

पण याच ठिकाणी युनियनची थोरवी गाऊन थांबणे मला अन्यायाचे वाटते. तिच्या दहा विश्वचषकांचे मानकरीही चारच देश आहेत, आणि तिच्या स्पर्धेत सामोआची मजल उपांत्यपूर्व फेरीपलीकडे, तर टोंगाची तेथवरही, गेलेली नाही. लीगमध्ये २०१७ साली जेसन टाउमालोलो याने न्यूझीलंडचा मानाचा पोशाख बाजूस ठेवून पूर्वजांच्या टोंगाचा स्वीकार केला, आणि त्याच टोंगाने न्यूझीलंडला २८–२२ असे नमविले. दोन वर्षांनी ऑकलंडमध्ये ऑस्ट्रेलियाही १६–१२ असा हरला. लांबून २०२२ साली झालेल्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात सामोआने इंग्लंडला त्याच्याच भूमीवर अवघ्या एका गुणाने हरवून अंतिम फेरी गाठली. सुमारे एक लाख वस्तीच्या टोंगाने बलाढ्य राष्ट्रांची अशी गाळण उडवावी, हा प्रसंग लीगच्या अनेक दशकांच्या कुंठित इतिहासातील सर्वांत आशादायक होय, असे मी निःशंकपणे म्हणेन.

आणि पापुआ न्यू गिनी? लीग हा जेथील खऱ्या अर्थाने राष्ट्रीय खेळ आहे, असा हा एकमेव स्वतंत्र देश. तेथील क्लबला २०२८ पासून ऑस्ट्रेलियाच्या मुख्य स्पर्धेत प्रवेश मिळणार असून, त्यासाठी ऑस्ट्रेलियन सरकारने दहा वर्षांत ६० कोटी डॉलर देऊ केले आहेत. प्रशांत महासागरात चीनचा शिरकाव रोखण्याची मुत्सद्देगिरी त्यामागे आहे हे उघडच असले, तरी सरकारी खजिन्याचा असा आश्रय लीगच्या आंतरराष्ट्रीय विस्ताराला यापूर्वी कधी लाभला नव्हता. मात्र एका देशाचे खेळाडू दुसऱ्याकडून कोणत्या अटींवर खेळू शकतात, यावर या बेटांचे पुढील यश अवलंबून आहे. त्या नियमांचा परामर्श पुढील लेखांकात घेऊ.