स्वयंपाकघर वाढवा, पण हवेची वाट ठेवा

जुन्या घराची दुरुस्ती काढली की पहिला नंबर स्वयंपाकघराचा लागतो. ओटा, फ्रिज, वॉटर फिल्टर आणि दोन माणसे त्या चिंचोळ्या खोलीत मावत नाहीत. मग मागची बाल्कनी आत घेतली जाते, मधली भिंत पाडली जाते आणि बाहेरच्या बाजूला सरकत्या काचा बसतात. जागा वाढते, पण पूर्वी दारा-खिडकीतून खेळणारा वारा बंद होतो. त्याचा त्रास ओट्यापाशी रोज तासन् तास उभ्या राहणाऱ्या व्यक्तीला सर्वाधिक होतो.

गॅसची ज्योत निळी असली, तरी हवा स्वच्छ राहतेच असे नाही. ज्योतीच्या उष्णतेने हवेतल्याच नायट्रोजन आणि ऑक्सिजनपासून नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. त्यांपैकी नायट्रोजन डायऑक्साइड श्वासनलिकांचा दाह वाढवतो. दमेकऱ्यांना आणि लहान मुलांना तो अधिक बाधतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये त्याची वार्षिक सरासरी मर्यादा घनमीटरमागे 40 मायक्रोग्रॅमवरून 10 वर आणली. शिवाय फोडणीचे तेल धुरावले की सूक्ष्म कण आणि ॲक्रोलीन बाहेर पडतात. डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, तो या ॲक्रोलीनमुळेही.

म्हणून आराखड्यातच हवेचा मार्ग ठरवा. चिमणीचा पाइप थेट इमारतीबाहेर न्या. तो आखूड आणि कमी वळणांचा हवा. पाइप नसलेली चिमणी तेलकटपणा आणि थोडा वास अडवते, पण ज्वलनातून निघणारे वायू घरातच फिरत राहतात. एक्झॉस्ट फॅन असेल तर ताजी हवा समोरच्या बाजूने आत येऊ द्या. फॅनशेजारचीच खिडकी उघडली, तर तिथलीच हवा तिथून बाहेर जाते आणि ओट्यावरचा धूर तसाच राहतो. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास जमिनीलगत साचतो, पाइपलाइनचा हलका असल्याने छताकडे जातो. त्यामुळे सिलिंडर असल्यास खाली आणि पाइपलाइन असल्यास वर झरोका हवाच.

तोडफोडीचीही काळजी घ्या. घरगुती रंगातील शिशावर 90 पीपीएमची मर्यादा देशात नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या थरांत शिसे जास्त असू शकते. असे थर कोरडे घासू नका, ओले करून काढा आणि मुलांना व गर्भवतींना त्या काळात दूर ठेवा. ॲस्बेस्टॉसचे जुने पत्रे फोडू वा कापू नका. त्यांचे तंतू फुप्फुसांत रुतून बसतात. भिंत पाडण्यापूर्वी आणि बाल्कनीवर ओट्याचे वजन टाकण्यापूर्वी स्ट्रक्चरल इंजिनीअरचा सल्ला आणि आवश्यक परवानगी घ्या.

ओट्याला कोणता दगड लावायचा, हे नंतर ठरवता येते. फोडणीचा ठसका कुठून बाहेर जाणार, हे मात्र कंत्राटदाराला आधी विचारा.