मीटरच्या पिना कळकल्या की रीडिंग खोटं

बंदीचे दोन महिने, १ जून ते ३१ जुलै, म्हणजे होड्या वर आणि हातात पक्कड-पाने. वायरिंग बघताना आमच्या एका सभासदाच्या होडीवर पाणी उपसायचा पंप मंद फिरत होता. मीटर लावलं, वायरीत ०.४ ओहम रोध दिसला. वायर सडली म्हणून अख्खी बदलली. पंप तसाच मंद! मग कुणीतरी मीटरच्या दोन पिना एकमेकींना घट्ट टेकवून बघितल्या, तर तिथेच ०.४. वायर बिचारी चांगली होती. खरा दोष निघाला पंपाच्या अर्थच्या जोडात, तो हिरवा पडला होता.

एवढ्याशा रोधाने काय होतं? ५ अँपिअर ओढणाऱ्या पंपाच्या वाटेत ०.३ ओहम आला तर दीड व्होल्ट तिथेच खर्च होतो. १२ व्होल्टच्या बॅटरीत दीड व्होल्ट म्हणजे थोडं नव्हे. असा रोध शोधायचा आणि पिनेतच तेवढा रोध, तर कुजलंय काय ते कळणार कसं?

साध्या मीटरच्या पिना बहुतेक पितळेच्या, वरून निकेलचा मुलामा. घरातल्या पितळेच्या पातेल्याची कलई उडाली की आमटी कळकते, तसंच इथे. टोक घासून मुलामा गेला, खारा वारा लागला की पितळ काळं-हिरवं पडतं. त्यात चुकून बॅटरीवर शॉर्ट झालं तर ठिणगीने टोकाला खड्डा पडतो आणि खड्ड्यात मीठ बसतं.

हैदराबादला इन्कॉईस आहे, ज्यांचा मासळीच्या जागेचा अंदाज आपण बघतो. आमची दोन माणसं त्या शहरात कामाला गेली होती, तेव्हा आबिड्सला उतरून शेजारच्या कोठीतल्या गुजराती गल्लीत शिरली. मुंबईचा लॅमिंग्टन रोड तशी ही गल्ली. (आबिड्स हे नाव सहाव्या निजामाच्या पदरी असलेल्या अल्बर्ट आबिड यांच्या दुकानावरून पडलं, हे आम्हालाही तिथेच कळलं.) सोन्याचा मुलामा असलेल्या पिनाही मिळतात. सोनं गंजत नाही, पण थर पातळ असतो, खरवडला की तेही गेलं. होडीवर जाड मुलाम्याच्या, टोपण असलेल्या पिना बऱ्या, असं आमचं मत.

बीपवर विसंबू नका. बऱ्याच मीटरमध्ये ३० ओहमलासुद्धा बीप वाजतो. पिना टेकवून आकडा बघा: ०.१ ते ०.३ ठीक. आकडा नाचत असेल तर वायर मुळाशी हलवून बघा, आतून तुटलेली असते. व्होल्ट मोजताना मात्र अर्ध्या ओहमने फरक पडत नाही, मीटरचा स्वतःचाच रोध साधारण १ कोटी ओहम असतो.

पण टोकावर रंग, ग्रीस किंवा गंजाचा जाड थर असेल तर चालू २३० व्होल्टवरही मीटर शून्य दाखवू शकतं. जनरेटरच्या लाइनला हात लावणाऱ्याचा इथेच जीव जातो. म्हणून आधी चालू असलेल्या दुसऱ्या पॉइंटवर मीटर तपासा, मग कामाच्या जागी लावा, मग परत त्या चालू पॉइंटवर. तिन्ही वेळा, कंटाळा न करता. वायरीचं आवरण फाटलेली पिन २३० ला लावूच नका, चिकटपट्टीने भागत नाही.

समुद्रावरून आल्यावर टोकं गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा, मग स्पिरिटने, आणि कोरडी करा. हलका काळेपणा खोडरबरने जातो. पॉलिश पेपर नको, उरलेला मुलामाही निघतो. टोकावर व्हॅसलीन लावून ठेवू नका, ते बॅटरीच्या टर्मिनलला ठीक. पितळ उघडं पडलं असेल तर पिना बदला. जुनी जोडी घेऊन संस्थेच्या ऑफिसात या, नव्या मीटरशी लावून बघू.