इंदूरच्या मराठी घराण्यांचा मागोवा

गोव्यातील मंगेशी, म्हार्दोळ वा कवळे येथील देवळांत दूरदेशीची कुटुंबे कुलदेवतेच्या दर्शनाला येतात, हे गोमंतकीयांना नवे नाही. त्यांत इंदूर, उज्जैन किंवा ग्वाल्हेरहून आलेलेही असतात. घरात चालत आलेल्या कुळाचारामुळे त्यांना देवता ठाऊक असते, गोत्र ठाऊक असते; पण पूर्वजांनी गाव कधी सोडले, कोणाबरोबर सोडले आणि ते गाव नेमके कोणते, हे विचारल्यास सांगणारा क्वचितच भेटतो. माळव्यातील मराठी घराण्यांच्या इतिहासाची मुख्य अडचण हीच आहे. त्याचे अर्धे कागद एका प्रांतात आणि अर्धे दुसऱ्या प्रांतात पडलेले आहेत.

इंग्लंडमधील एखाद्या लहान खेड्याचा इतिहास लिहिणाऱ्याचे काम त्या मानाने सोपे असते. 1538 साली थॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक पॅरिशमधील बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंदवही ठेवण्याचा हुकूम काढला. सर्वच वह्या टिकल्या नाहीत; तरी जेथे टिकल्या तेथे एकाच चर्चमध्ये बसून एखाद्या शेतकरी कुटुंबाच्या आठ-दहा पिढ्या लावता येतात. गोव्यातील जुन्या चर्चमधूनही अशा वह्या आहेत आणि ख्रिस्ती कुटुंबांना त्यांचा उपयोग होतो. हिंदू घराण्यांसाठी अशी एक वही कधीच नव्हती.

इंदूर मराठी झाले ते होळकरांमुळे. हे आडनावच नीरा काठच्या होळ या गावावरून पडलेले. मल्हारराव होळकरांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात माळव्यात पाय रोवले आणि त्यांच्यामागून शिलेदार, कारकून, पुराणिक, वैद्य, सावकार असा मोठा वर्ग दक्षिणेतून नर्मदा ओलांडून गेला. अहिल्याबाईंच्या काळी (1767 ते 1795) कारभाराचे केंद्र महेश्वर होते. डिसेंबर 1817 मध्ये महिदपूरच्या लढाईत पराभव झाल्यावर जानेवारी 1818 मध्ये मंदसौरचा तह झाला आणि राजधानी इंदूरला आली. त्यामुळे ‘आम्ही पेशवाईपासून इंदूरचे’ असे सांगणाऱ्या घराण्याने आपला पहिला पुरुष इंदुरात शोधण्याआधी महेश्वरात शोधावा, हे बरे.

शेजारी उज्जैनकडे शिंद्यांचा अंमल होता आणि गोव्याचा संबंध तेथे ठळक दिसतो. महादजी शिंदे यांच्या फौजेचे बक्षी जिवबादादा केरकर हे गोमंतकीय सारस्वत होते. आडनाव केरीकडे बोट दाखवते खरे. पण केरी नावाचे गाव पेडण्यात आहे, सत्तरीत आहे आणि फोंड्यातही आहे. नामांकित सेनानीच्या बाबतीत हा गुंता इतर साधनांनी सुटतो. त्याच्याबरोबर गेलेल्या एखाद्या सामान्य कारकुनाच्या वंशजाला मात्र नुसत्या आडनावावरून गाव ठरवता येत नाही. कुलदेवता, ग्रामदेवता आणि गोत्र ही तिन्ही जुळली तरच तर्काला आधार मिळतो.

आडनावावर विसंबण्याचा धोका इंदूरच्याच एका प्रसिद्ध घराण्यावरून कळतो. मंदसौरच्या तहात अल्पवयीन दुसऱ्या मल्हाररावांच्या वतीने बोलणी करणारे आणि पुढे संस्थानची घडी बसवणारे मंत्री तात्या जोग या नावाने ओळखले जातात. इंग्रजी कागदांत ते ‘तांतिया जोग’ होतात. त्यांचे खरे नाव विठ्ठल महादेव किबे. 1926 च्या मुंबईतील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष सरदार माधवराव विनायक किबे हे याच घराण्यातले. हा दुवा ठाऊक नसलेला माणूस जोगांची वंशावळ धुंडाळत बसला, तर त्याला किब्यांचा पत्ता लागणार नाही.

मग शोधायचे कोठे? सर्वांत विश्वासाची साधने म्हणजे तीर्थोपाध्यायांच्या वह्या. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया, प्रयाग आणि इंदूरहून एका दिवसात जाऊन येता येईल अशा उज्जैनलाही त्या आहेत. यात्रेकरू आपले, वडिलांचे, आजोबांचे, भावांचे आणि मुलांचे नाव, गाव व तिथी लिहीत असे आणि पुष्कळदा स्वतःच्या हाताने सही करीत असे. पणजोबांचे अक्षर प्रथम येथेच पाहायला मिळाल्याचे सांगणारे लोक आहेत. या वह्या गाव आणि आडनाव यांनुसार लावलेल्या असतात. स्थलांतरित घराण्याने ‘इंदूर’ आणि ‘मूळ गाव’ या दोन्ही नावांखाली चौकशी करावी. एका पिढीने स्वतःला कोकणातले म्हणवले आणि पुढच्या पिढीने इंदूरकर, असे सहज घडते. मात्र स्त्रियांच्या बाबतीत या वह्या कंजूष आहेत. माहेरचे नाव तर अपवादानेच सापडते. ते शोधायला घरातील जुन्या लग्नपत्रिका आणि वृद्ध स्त्रियांची स्मरणशक्ती यांवाचून फारसे काही नसते.

दुसरे साधन संस्थानी आणि पेशवाईतील दप्तर. नेमणुका, इनामे, वर्षासने, दत्तकाच्या मंजुऱ्या यांचे कागद मोडीत आहेत. मोडी शाळांतून गेली, आणि आजची इंदूरची मराठी मुले हिंदीतच अधिक वावरतात. घरातल्या ट्रंकेतील कागद त्यांच्या आजोबांनाही वाचता येत नाहीत. त्यात कालगणनेची अडचण. अशा कागदांवर अनेकदा शुहूर सन अरबी अंकशब्दांत असतो. ‘सीत सबैन मया व अलफ’ म्हणजे सहा, सत्तर, शंभर आणि हजार, अर्थात 1176. हा सन मृग नक्षत्रापासून सुरू होतो. त्यात 599 मिळवले की त्या मृगाचे इसवी साल येते. म्हणजे हे वर्ष 1775 च्या मृगापासून 1776 च्या मृगापर्यंतचे. कागद चैत्रातला असेल तर 599 ऐवजी 600 मिळवायचे. हा एक आकडा चुकला की मुलगा बापाच्या आधी नोकरीला लागलेला दिसतो, आणि छापील कुलवृत्तांतांतही असे घोळ होऊ शकतात.

गोव्याच्या बाजूनेही एक दार आहे. देवालयांच्या महाजनांच्या याद्या 1933 च्या देवस्थान नियमावलीनुसार तयार झाल्या. अठराव्या शतकातच उत्तरेस गेलेल्या शाखेचे नाव त्यांत मिळण्याची शक्यता कमी. परंतु मागे राहिलेल्या भाऊबंदांचे मिळू शकते. गावात राहिलेल्या त्या घराच्या वंशावळीत एखाद्या नावापुढे ‘देशांतरी गेला’ एवढेच लिहिलेले असेल आणि इंदूरच्या वंशावळीत तेच नाव सर्वांत वर, बापाच्या नावाशिवाय असेल. दोन्ही कागद एका मेजावर आल्याशिवाय ती ओळ जुळत नाही. इंदुरात जुने वाडे पाडून इमारती उभ्या राहत आहेत, आणि घर रिकामे करताना ज्या कागदांवरचे अक्षर कोणाला लागत नाही तेच आधी रद्दीत जातात.